पितळेवरचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी चक्की आहे. चक्की म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पिठाची गिरणी येईल आणि तिच्यापुढे डबे घेऊन ताटकळणारी माणसं येतील. ती मी नव्हे. मी वीतभर उंचीची, मांडीत मावणारी हातचक्की आहे. खाली लाकडी पेटी, पेटीला एक छोटा खण, वर पितळेची वाटी आणि वाटीच्या डोक्यावर लोखंडी दांडा. दांडा फिरवला की वाटीतला जिन्नस भरडून खणात पडतो. खरं तर मी कॉफी दळण्यासाठी जन्मले, पण आयुष्य गेलं मिरी आणि धणे दळण्यात. जन्म व्हिएन्ना शहरातला आणि मुक्काम काळाचौकीच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. माझ्या पोटात मिरी आहे, तेव्हा बोलणं थोडं तिखट लागलं तर सांभाळून घ्या.

व्हिएन्ना ही ऑस्ट्रिया देशाची राजधानी. तिथल्या एका स्वयंपाकघरात, खिडकीपाशी माझी जागा होती. माझी मालकीण हेर्मिने रोज सकाळी मला मांडीवर घेऊन कॉफी दळायची. तिची लेक रूथ तेव्हा इतकी लहान होती की दांडा धरायला तिला दोन्ही हात लागायचे. रूथचे वडील कापडाच्या गिरणीत रंगखात्याचे मास्तर होते. खाऊनपिऊन सुखी घर होतं. पण ते ज्यू धर्माच्या माणसांचं घर होतं आणि त्या शहरावर नाझींची सत्ता आली. ज्यूंना जगूच द्यायचं नाही, असं ठरवून आलेले लोक होते ते. आधी वडिलांची नोकरी गेली. मग रूथला बागेतल्या बाकावर बसायची बंदी झाली. मग जिन्यात भेटणारी शेजारीण मान फिरवून जाऊ लागली. मी खिडकीतून सगळं पाहत होते.

त्याच सुमारास मुंबईतल्या एका गिरणीला रंगाचा जाणकार हवा होता. त्या नोकरीवर बापलेकीला बोटीनं जाण्याची परवानगी मिळाली. हेर्मिनेची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती. तिला टाकून हेर्मिनेला निघता येईना. "मी मागाहून येते," ती म्हणाली. निघायच्या दिवशी तिनं मला पुसून स्वच्छ केलं. मग आपल्या अंबाड्यातला एक आकडा काढला आणि माझ्या वाटीच्या काठाखाली, डाव्या अंगाला, तो दाबून दाबून ओढला. रूथचं नाव लिहिलं तिनं, तिच्या लिपीत. मला चांगलंच दुखलं, पण मी करकरले नाही. मग तिनं लेकीचा अंगठा धरून त्या अक्षरांवरून फिरवला आणि म्हणाली, "ही तुझी. मी येईपर्यंत सांभाळ."

हे पाहणारं तिसरं कुणी नव्हतं. आई, लेक आणि मी.

मुंबईला आलो, वडील परळच्या गिरणीत रुजू झाले, आणि थोड्याच महिन्यांत महायुद्ध सुरू झालं. इथे राज्य इंग्रजांचं. शत्रूच्या देशातून आलेला तो शत्रू, असा त्यांचा हिशेब. ज्याला नाझींनी घराबाहेर काढलं, त्यालाच नाझींचा माणूस समजून इंग्रजांनी छावणीत डांबलं. याला काय म्हणावं? वडिलांनी जाताना रूथला आणि मला आपल्या खात्यातल्या एका कामगाराच्या बायकोच्या हवाली केलं. तिचं नाव मीराबाई. मालवणकडची, काळाचौकीला एका खोलीत सात माणसांचा संसार करणारी. आठवं माणूस आलं म्हणून तिच्या कपाळाला आठी पडली नाही. माझ्याकडे पाहून मात्र पडली. तिनं मला उलटीसुलटी केली, खण उघडून हुंगला आणि ठरवून टाकलं, "ह्यात विडीकाडी ठेवत असतील ह्यांची माणसं." रूथनं दांडा फिरवून दाखवला तेव्हा कुठे तिला उमगलं. घरात कॉफी कुठली असायला! माझ्या वाटीत आधी जिरं पडलं, मग धणे, मग मिरी. पहिल्या मिरीला मी शिंकलेच असते, पण चक्कीला नाक नसतं.

वडील छावणीतून परतले ते खोकला घेऊनच. काही वर्षांनी ते गेले. चिंचपोकळीच्या ज्यू कबरस्तानात त्यांची कबर आहे. हेर्मिनेची पत्रं तर युद्ध चालू असतानाच थांबली होती. का थांबली, हे रूथनं कधी कुणाला विचारलं नाही. उत्तराची तिला कल्पना नव्हती असं नाही. पण कुणाच्या तोंडून ऐकलं नाही तोवर ते खरं नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली असावी.

ती म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकली. आईची भाषा विसरली. समोरच्या खोलीतल्या वसंत परुळेकरशी तिचं लग्न झालं आणि ती माशाचं सार असं करू लागली की मीराबाईनंही वाटी पुढे करावी. आता वसंत नाही, त्यांचा मुलगाही हयात नाही. नातू राजेश आणि त्याची बायको सीमा तिच्याजवळ राहतात. चाळ तिला रूथआजी म्हणते. नव्वदी उलटली तरी तिची जीभ माझ्या मिरीइतकीच तल्लख आहे.

माझ्याबाबत तिचा एकच कायदा होता. हिला चिंच लावायची नाही. दसऱ्याला घरातलं तांब्यापितळेचं प्रत्येक भांडं चिंचमिठानं घासून लखलखायचं आणि त्यांच्या रांगेत मी काळी ठिक्कर पडून झेंडूचं फूल मिरवायची. दळायला बसली की रूथआजीचा डावा अंगठा माझ्या काठाखाली जाऊन थांबायचा. नजर अधू झाली, पण अंगठ्याची जागा चुकली नाही. घरच्यांना ती म्हातारीची खोड वाटायची. काळ्या पडलेल्या पितळेखाली काही लिहिलेलं आहे, हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या दारात एक उंच, गोरा, घामाघूम पोरगा उभा राहिला. फ्लोरियान त्याचं नाव, व्हिएन्नाचा. शाळा संपवून नुकताच बाहेर पडलेला. त्याच्या देशात मुलग्यांना काही महिने देशाची सेवा करावीच लागते. बरेच जण सैन्यात जातात, काही रुग्णवाहिकेवर नाहीतर वृद्धाश्रमात काम करतात. आणि थोडे जण परदेशी जातात. नाझींनी ज्यांचा छळ केला, ज्यांना देशोधडीला लावलं, त्यांच्यापाशी बसतात, त्यांचं ऐकतात, त्यांची कामं करतात, त्यांच्या आठवणी जपायला मदत करतात. या स्मरणसेवेसाठी फ्लोरियान मुंबईला आला होता.

"म्हणजे आमच्या आजीशी गप्पा मारणं ही तुझी मिलिटरी?" राजेशनं विचारलं.

"हो," फ्लोरियान म्हणाला. "पण सैन्यात बंदूक तरी देतात."

आपल्याला बंदूक का हवी होती, ते त्याला लवकरच कळलं. रूथआजीनं पहिल्याच भेटीत त्याला बजावलं, "ये, बस, चहा घे. रोज आलास तरी चालेल. तिकडचा काय विचारूचा नाय." त्यानं व्हिएन्नाहून आणलेला कॉफीचा डबा तिनं न उघडता फळीवर चढवला आणि त्याच्यापुढे लसूण सोलायला ठेवला. पोरगा गुणी. त्यानं लसूण सोलला, मिरच्यांची देठं खुडली, आजीची औषधं आणली, वाण्याशी हुज्जत घालत घालत मराठी शिकला. विचारलं मात्र काही नाही. असे महिन्यामागून महिने गेले.

एकदा तो आमच्याकडे जेवत होता. आमटी संपली आणि वाटीच्या काठावरची बारीक अक्षरं त्याला दिसली. त्यानं ती बोट ठेवून वाचली. 'कै. सुंदराबाई यांच्या स्मरणार्थ.'

"हे कोण?" त्यानं विचारलं.

"माझ्या माहेरच्या शेजारीण," सीमा म्हणाली. "माणूस गेलं की त्याच्या नावानं घरचे भांडी वाटतात. नाव घालून."

"आमच्याकडे दगडावर नाव लिहितात," तो म्हणाला. "तुम्ही त्यात आमटी खाता."

"मग काय! दगड बघायला कोण जातंय रोज? आमटी रोज लागते."

तो हसला नाही. वाटी हातात धरून बराच वेळ बसून राहिला. मी फळीवरून त्याच्याकडे पाहत होते आणि मला त्याची गंमत वाटली नाही, काळजी वाटली. कारण एक गोष्ट मला ठाऊक होती. हेर्मिनेचं पुढे काय झालं, ते या पोरानं आल्याबरोबर कागदपत्रं धुंडाळून शोधून काढलं होतं. गॅलरीत उभं राहून त्यानं ते राजेशला हलक्या आवाजात सांगितलं होतं. पण ज्याचं दुःख त्यानं विचारल्याशिवाय आपण सांगायचं नाही, असा त्याच्या सेवेचा नियम होता. आणि रूथआजी विचारत नव्हती. त्याच्याजवळ ते आहे, हे तिला कळत होतं. तिला ते कळतंय, हे त्यालाही कळत होतं. दोघं एका खोलीत बसून लसूण सोलत आणि मधे ते न बोललेलं पडून असे.

मग मे महिना आला. रूथआजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. परळच्या एका इस्पितळात तिला दोन दिवस ठेवून घेणार होते. आणि त्याच आठवड्याच्या शेवटी व्हिएन्नाच्या एका संग्रहालयातून दोन पाहुण्या आमच्याकडे यायच्या होत्या. देशोधडीला लागलेल्या माणसांनी बरोबर नेलेल्या वस्तू त्या पाहत फिरत होत्या. आमच्या घरात तशी वस्तू एकच, मी.

आता तुम्हीच सांगा, परदेशची पाहुणी येणार म्हटल्यावर आपल्याकडची बाई काय करते? पडदे धुते, गादीच्या खोळी बदलते आणि भांडी घासते. सीमानं रजा टाकली होती. तिनं मला फळीवरून काढलं. माझा काळवंडलेला अवतार बघून तिला लाज वाटली. आजी घरात नाहीत, आल्यावर चकचकीत चक्की पाहून खूश होतील, असं तिला मनापासून वाटलं. तिनं चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि काथ्या घेऊन मोरीत बसली.

मी ओरडत होते, पण माझं ओरडणं कुणाला ऐकू जातं? वाटी उजळत गेली. फक्त काठाखालची एक जागा काळीच राहिली, कारण तिथला काळेपणा अक्षरांत रुतून बसला होता. सीमाला वाटलं, हट्टी डाग आहे. तिनं तारेची घासणी घेतली. तरी जाईना. मग तिनं राजेशच्या हत्यारांतला पॉलिश पेपर काढला आणि नेमक्या त्याच जागेवर, जीव तोडून, घासत बसली. हेर्मिनेची पत्रं कधीच जीर्ण होऊन गेली होती, तिच्या हातचं जगात एवढंच उरलं होतं. ते पितळेच्या भुकटीबरोबर मोरीत वाहून गेलं. सीमानं मला कोरडी केली, उन्हात धरली आणि समाधानानं हसली. मित्रांनो, मला तिचा राग आला नाही. रागावण्यासारखं काही तिच्या मनात नव्हतंच. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या लखलखीत अंगाकडे पाहून शहारले.

दुपारी फ्लोरियान आला. आजीला घरी आणायला शेजारच्या शैलाताई इस्पितळात गेल्या होत्या आणि पाच वाजेपर्यंत त्या दोघी टॅक्सीनं पोचणार होत्या. राजेशही लवकर घरी आला होता. "बघ कशी दिसतेय!" सीमानं मला फ्लोरियानपुढे धरलं.  त्यानं मला हातात घेतलं आणि आपला अंगठा काठाखाली फिरवला. पुन्हा फिरवला.

"इथे लिहिलेलं होतं," तो म्हणाला.

"ओरखडे होते रे ते."

त्यानं मोबाइल काढला. आजीचा अंगठा नेहमी एकाच जागी का जातो, हे त्यानं महिन्यांपूर्वीच हेरलं होतं. एकदा उन्हाची तिरीप माझ्यावर पडलेली असताना त्यानं फोटो काढून ठेवला होता. त्यानं तो मोठा करून दाखवला. काळ्या पितळेवर वाकडीतिकडी अक्षरं. "रूथ," त्यानं वाचलं. "आजी म्हणतात, निघाल्या तेव्हा त्या लिहायला शिकल्या नव्हत्या. वडील असं वाकडं लिहीत नव्हते, त्यांची सही मी पाहिली आहे. हे त्यांच्या आईनं लिहिलं."

सीमानं मला परत हातात घेऊन ती जागा चाचपली. "मी काय करून बसले," एवढंच ती म्हणत राहिली.

राजेश येरझारा घालू लागला. मग थांबला आणि म्हणाला, "रडू नको. फोटो आहे ना? लालबागला भांड्याच्या दुकानात नाव घालून मिळतं. अर्ध्या तासाचं काम. जसंच्या तसं उतरवून घेऊ. आजीला कळणारपण नाही."

"राजेश, ते..." फ्लोरियान म्हणाला.

"चल ना यार! वेळ नाहीये."

मला कापडी पिशवीत घातलं गेलं. जिना, रस्ता, हॉर्न, मसाला कुटणाऱ्या डंखांची धडधड, मिरचीचा खकाणा, सगळं मला आतून जाणवत होतं. तुम्हाला सांगते, मला त्या वेळी खूप भीती वाटली. नाव गेलं याचं दुःख होतंच. पण आता माझ्या अंगावर एक खोटं नाव येणार होतं आणि ते मला रूथच्या अंगठ्याखाली जन्मभर वागवावं लागणार होतं.

दुकानदारानं मला पिशवीतून काढलं. "काय घालायचं? श्रीमती की कै.?"

"हे बघून करा," राजेशनं मोबाइल पुढे केला.

"हे फारच वाकडं आहे साहेब. मी मस्त सरळ घालून देतो."

"वाकडंच पाहिजे."

"पैसे देऊन वाकडं?" दुकानदारानं खांदे उडवले आणि त्याची विजेवरची सुई सुरू केली. घर्रर्र! त्यानं मला डाव्या हातात आवळून धरलं. सुई खाली आली. तिचं टोक मला टेकलं, एक टिंब उमटलं, आणि तेवढ्यात फ्लोरियाननं माझ्यावर हात ठेवला. सुई त्याच्या बोटाला चाटून गेली. दुकानदारानं शिवी हासडून यंत्र बंद केलं.

"वेडा आहेस का?" राजेश ओरडला.

"नको," फ्लोरियान म्हणाला. त्याच्या बोटातून रक्त येत होतं. "हे आईचं अक्षर नाही. हे मशीनचं आहे."

"अरे, पण आजीला बरं वाटेल ना! तुझं काय जातं? दोन महिन्यांनी तू जाशील तुझ्या घरी. तिच्याबरोबर आम्हाला राहायचंय. आणि हे सगळं झालं कशामुळे? तुझ्या त्या पाहुण्यांमुळे. तू आला नसतास तर सीमानं हात तरी लावला असता का?"

ते खरं होतं, आणि फ्लोरियाननं ते नाकारलं नाही. तो म्हणाला, "माझ्याकडे अजून काही लोक म्हणतात, असं काही झालंच नाही. सगळं खोटं, नंतर बनवलेलं. मी एक अक्षर खोटं बनवलं, तर त्यांना मी काय सांगू?"

"आणि आजीला धक्का बसला तर?"

"मी सांगतो त्यांना. मीच."

राजेशचा फोन वाजला. पलीकडे सीमा रडत होती. आजी घरी पोचल्या होत्या आणि चक्की मागत होत्या.

दोघं घाईघाईनं चाळीकडे निघाले. राजेशनं पिशवी छातीशी इतकी घट्ट धरली होती की त्याच्या काळजाचे ठोके मला लाकडातून जाणवत होते.

रूथआजी गॅलरीत खुर्चीवर बसली होती, एका डोळ्यावर पट्टी. "खय गेलात सगळे?" ती म्हणाली. "दवाखान्याचं अळणी खाऊन तोंड गेलंय माझं. चक्की द्या आधी. मिरी दळूया."

सीमा दाराला धरून उभी. राजेशनं पिशवी पुढे केली, मागे घेतली. शेवटी फ्लोरियाननं मला बाहेर काढलं आणि मला दोन्ही हातांत धरून तो आजीच्या पायाशी बसला.

"आजी, चक्कीवरचं नाव गेलं," तो म्हणाला. "आईनं लिहिलेलं."

 आजीनं उघड्या डोळ्यानं त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"नाव होतं म्हणून तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या अंगठ्यानं."

तिनं मला मांडीवर घेतलं. अंगठा आला, नेहमीच्या जागी थांबला आणि पुढे घसरला. गुळगुळीत पितळ. तो मागे आला, पुन्हा शोधू लागला, अंधारात जिन्याची पायरी चाचपावी तसा. हेर्मिनेपासून ताटातूट झाल्यावर जे रडू मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, ते आता येणार असं मला वाटलं. ते आलं नाही. त्याहून वाईट, तिचा अंगठा नुसता थांबून राहिला.

"मी घासलं, आजी," सीमा हुंदके देत म्हणाली. "मला वाटलं डाग आहे."

 मग आजी म्हणाली, "तुका कसा कळतला गो? मी सांगितलंच नाही कधी. कुणालाच नाही. एकटीचं म्हणून धरून बसले. चार माणसांना सांगितलं असतं, तर कुणीतरी तुझा हात धरला असता." आणि तिनं सांगायला सुरुवात केली. खिडकी, कॉफीचा वास, अंबाड्यातला आकडा, अंगठा धरणारा आईचा हात. फ्लोरियान इतके महिने ज्याची वाट पाहत होता ते सगळं ती मराठीत, मालवणीत, सीमाचा हात हातात घेऊन सांगत होती. त्याला मोबाइल सुरू करायचं भान राहिलं नाही.

बोलता बोलता तिच्या अंगठ्याला ते टिंब लागलं. "ह्या काय?"

राजेशनं मान खाली घातली. "लालबागला नेली होती. तसंच नाव पुन्हा घालणार होतो, तुला कळू न देता. ह्यानं सुईखाली हात घातला."

आजीनं फ्लोरियानचं बोट हातात घेऊन पाहिलं. रुमालाची पट्टी रक्तानं भिजली होती. "मग आता तूच सांग, झिला," ती म्हणाली. "तुला ठाऊक आहे ते. माझ्या आईचं काय झालं?"

त्यानं राजेशकडे पाहिलं नाही. सरळ तिच्याकडे पाहून, एकेक शब्द जोडत त्यानं सांगितलं. बेचाळीसच्या उन्हाळ्यात तिला इतर पुष्कळ माणसांबरोबर आगगाडीत घातलं. पूर्वेला, मिन्स्क नावाच्या शहराजवळ नेलं. तिथल्या रानात उतरवलं आणि त्याच दिवशी सगळ्यांना गोळ्या घातल्या. तिची कबर नाही.

"आणि तिची म्हातारी आई?"

"त्या आधीच गेल्या होत्या. घरात, आजारानं. मग तुमच्या आईनं इकडे यायला खूप अर्ज केले. तोपर्यंत रस्ते बंद झाले होते."

"म्हणजे निघाली होती ती," रूथआजी म्हणाली. "मागाहून येते म्हणाली होती, ती यायला निघाली होती." आणि आता तिच्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं. पट्टी बांधलेल्या डोळ्याला पाणी लागता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून शैलाताई पदर घेऊन धावल्या.

थोड्या वेळानं आजी सावरली. "सीमा, तुझ्या केसातला आकडा दे गो."

सीमानं आकडा काढून दिला. फ्लोरियाननं मला घट्ट धरलं. रूथआजीनं आकडा माझ्या काठाखाली टेकवला आणि दाबून ओढला. तिची शाळा मराठी, तेव्हा तिनं देवनागरीत लिहिलं. काना गेला भलतीकडे, मात्रा उडाली वर. हेर्मिने. आईनं लेकीचं नाव लिहिलं होतं, त्याच जागी लेकीनं आईचं लिहिलं. त्या घरात हे नाव कुणी उच्चारलेलंही नव्हतं.

"आजी, आधी कै. घालायचं का?" सीमानं हळूच विचारलं.

"नको. नुसतं नाव. ती यायला निघालीय."

मला दुखलं का? दुखलं तर. पण हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं.

त्या संध्याकाळी फळीवरचा कॉफीचा डबा उतरला. एवढ्या वर्षांनी माझ्या वाटीत कॉफीच्या बिया पडल्या. रूथआजीनं दांडा फिरवला आणि मला माझी खिडकी आठवली. पण पोटात इतक्या वर्षांची मिरी! पहिल्याच घोटाला राजेशला जोराचा ठसका लागला. फ्लोरियाननं डोळ्यांत पाणी आणून सगळा कप संपवला. रूथआजी म्हणाली, "आमच्या व्हिएन्नाची अशी नव्हती," आणि 'आमच्या' हा शब्द ऐकून तो दचकला.

ठरल्या दिवशी पाहुण्या आल्या. त्यांनी माझे फोटो काढले, आजीचं म्हणणं नोंदवून घेतलं आणि मला बरोबर नेण्याबद्दल विचारलं. "फोटो न्या," आजी म्हणाली. "चक्की लागते आम्हाला." फ्लोरियानची सेवा संपली आणि तो पावसाळ्यात परत गेला. जाताना त्यानं लालबागहून एक स्टीलची वाटी घेतली, तीवर हेर्मिनेचं नाव घालून. व्हिएन्नाला तो तीत सूप खातो, असं त्यानं फोनवर सांगितलं. दुकानदारानं या खेपेस नाव अगदी सरळ घातलं आहे.

मी पुन्हा हळूहळू काळी पडते आहे आणि त्यात सुखी आहे. रूथआजीचा अंगठा नव्या अक्षरांवर थांबतो. कधी सीमाचाही थांबतो. मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं जुनं भांडं असेल, त्याच्यावर कुणाचं तरी नाव असेल, नाहीतर नुसते ओरखडे असतील. ते जरूर घासा, स्वच्छ ठेवा. पण घासायला बसण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला जवळ बोलवा आणि विचारा, हे कुणी लिहिलं? आणि जे ऐकाल ते आणखी दोघांना सांगा. माझ्या अंगावरची अक्षरं एका दुपारीत मोरीत वाहून गेली. त्यांच्यामागची गोष्ट फक्त एका म्हातारीच्या अंगठ्यात होती आणि ती म्हातारी त्या दिवशी दवाखान्यात होती.